बाजाराची पावती

माझे वडील ग्रामसेवक होते. घरी आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गाव भाऊसाहेब म्हणायचं. माण तालुक्यातल्या ज्या गावात त्यांच्या नोकरीची सगळ्यात जास्त वर्षं गेली, तिथं मंगळवारचा आठवडी बाजार भरायचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मंगळवारी शाळा सकाळची असायची. शाळा सुटली की दप्तर घरी टाकून मी थेट बाजारतळावर पळायची. कडुलिंबाच्या झाडाखाली लाकडी खुर्ची, समोर डुगडुगतं टेबल, त्यावर ग्रामपंचायतीचं पावतीपुस्तक. अण्णा पावती लिहायचे आणि दोन पानांमध्ये कार्बन सरकवायचं काम माझं. संध्याकाळी बोटं निळी झालेली असायची आणि आई ती धुऊ द्यायची नाही, आधी दिव्याला वात घाल म्हणायची, मग आंघोळ. आजही निळा कार्बन दिसला की मला बाजारच आठवतो: सुकटीचा वास, ओल्या कोथिंबिरीचा वास, नव्या घोंगड्यांचा लोकरट वास, कोंबड्यांची टोपल्यांतली धडपड आणि या सगळ्यावरून जाणारा भजीवाल्याचा धूर.

बाजाराला येणाऱ्यांतले बरेचसे त्या गावचे नसायचेच. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून बाया डोक्यावर पाटी घेऊन चालत यायच्या. कुणाकडं डझनभर अंडी, कुणाकडं शेवग्याच्या शेंगा, कुणाकडं घरच्या तुरीची डाळ. ते विकून आलेल्या पैशांत मीठ, तेल, चहापत्ती घ्यायची आणि ऊन कलायच्या आत परतीची वाट धरायची. माणात पाऊस कमी, पोटाला पुरेल एवढं शेत पिकेलच याची खात्री नाही. अशा मुलखात आठवड्यातला हा एक दिवस म्हणजे शेकडो घरांची रोकड होती. आम्हा पोरांना ते कळत नव्हतं. आम्हाला भेळ कळत होती.

अशाच एका मंगळवारी अवचित वळीव आला. पाऊस तिथं इतका दुर्मीळ, की लोक आधी खूश झाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. लाल मिरचीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी अंगावरचं लुगड्याचं टोक मिरचीवर धरलं, पण पाणी खालून आलं. तळाला उतार होता आणि सगळा ओघळ त्यांच्या पाटीखालून गेला. पाऊस थांबल्यावर त्या पदर पिळत आमच्या टेबलापाशी आल्या. सकाळी घेतलेली पावती त्यांनी टेबलावर ठेवली.

"भाऊसाहेब, पावती फाडताय ती बराबर हाय. पर बसायचं कुटं? मिरची गेली की समदी."

अण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी पुढची एकही पावती फाडली नाही, शिपायाला टेबल आत न्यायला सांगितलं. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी किर्द उघडली. बाजारकराची वर्षभराची जमा एका कागदावर उतरवली आणि तिच्यासमोर बाजारावरचा वर्षभराचा खर्च. खर्चाच्या बाजूला झाडलोटीची मजुरी होती. दुसरं काहीच नव्हतं. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि तो पुढं कित्येक दिवस खिशात होता.

मला पुढं कायदा वाचल्यावर समजलं की त्या मावशींनी जे विचारलं त्याची जागा कायद्यातही होती. महाराष्ट्रातला ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा. त्याच्या कलम १२४ नुसार पंचायत घरपट्टी लावते, दिवाबत्तीचा कर लावते, बाजाराची फी घेते. हे सगळे पैसे ग्रामनिधीत जमा होतात आणि ग्रामनिधी गावासाठीच वापरायचा असतो. इतकं सरळ आहे. पण हा सरळपणा टिकायचा तर कुणीतरी पावती हातात धरून टेबलापाशी यावं लागतं.

ग्रामसभेत बाजाराला ओटे बांधायचा विषय आला तेव्हा पहिली हरकत आली ती अशी: "त्या बाया आपल्या गावच्या न्हाईत. मतदार यादीत एकीचं तरी नाव हाय का?"

हरकत खोटी नव्हती. ग्रामसभा म्हणजे त्या पंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेली माणसं. बाजारात बसणाऱ्या बाया दुसऱ्या गावच्या, म्हणजे दर मंगळवारी पैसे भरायचे आणि ते पैसे कशावर खर्च व्हावेत हे सांगायला तोंड नाही. बाजार या गोष्टीतली ही गाठ मला आजही फार महत्त्वाची वाटते. गावाच्या सीमेवर कायदा थांबतो, पण गावाची कमाई थांबत नाही. ती आजूबाजूच्या दहा वस्त्यांच्या पायांनी चालत येते.

अण्णांना सभेत स्वतःचं मत मांडायचा अधिकार नव्हता, ते सचिव. त्यांनी तो खिशातला कागद आदल्या दिवशी गिरणीवाल्या तात्यांना दाखवला होता. तात्या सभेत उभे राहिले आणि फक्त स्वतःच्या गिरणीबद्दल बोलले. मंगळवारी माझ्याकडं दळणाची रांग वडाच्या पारापर्यंत जाते. बुधवारी मी माशा मारतो. चहावाल्याला विचारा, शिंप्याला विचारा, भांड्याच्या दुकानदाराला विचारा. ती बाई अंडी विकते, त्या पैशांत आपल्या दुकानातून तेल नेते. ती पावसात उठून गेली तर आपल्या गल्ल्यात काय पडणार? सभा बराच वेळ गप्प होती. मग सरपंचांनी ठराव लिहायला सांगितला.

पुढच्या पावसाळ्याआधी बावीस ओटे झाले. दगड गावच्या माळावरचा, गवंडी गावचे, वरती शहाबादी फरशी. कडेनं एक गटार काढलं, तळाच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी आणि एका कोपऱ्यात बायकांसाठी पत्र्याची मुतारी. मुतारीचं नाव कुणी सभेत घेतलं नव्हतं. आईनं घरात घेतलं होतं. "दिवसभर पाणी न पिता बसतात त्या," एवढंच ती अण्णांना म्हणाली होती. माझ्या मते त्या वर्षी गावात झालेलं सगळ्यात मोठं आर्थिक काम ती मुतारी होती. बायका दुपारी एकला उठायच्या त्या चारपर्यंत बसायला लागल्या.

'विकास' या शब्दाची मला भीती वाटते असं नाही, पण तो शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर कारखाना येतो, एमआयडीसी येते, चौपदरी रस्ता येतो. ते हवंच. पण ते सगळं गावाच्या डोक्यावरून ठरतं. गावाच्या हातात काय असतं? ओटा असतो. नळ असतो. दिवा असतो. गायरानात काय होऊ द्यायचं, ओढ्यात कुणाला घुसू द्यायचं, बाजार कुठं भरवायचा हे असतं. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींना घटनेत जागा दिली आणि अकराव्या परिशिष्टात २९ विषयांची यादी जोडली. शेती, जलसंधारण, लघुउद्योग, दारिद्र्यनिर्मूलन, बाजार आणि जत्रासुद्धा. हो, बाजार आणि जत्रा हा तिथं स्वतंत्र विषय आहे. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा अण्णांना फोन केला होता.

यादी मिळाली, पैसा त्या मानानं आला नाही आणि आला तो बांधून आला. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणात, म्हणजे ८० टक्के, थेट ग्रामपंचायतीला मिळू लागला ही चांगलीच गोष्ट. पण २०२१-२६ साठी त्यातला ६० टक्के 'बंधित' ठेवला, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला अबंधित. गावाला पाणी आणि गटार लागतंच, त्यामुळं बंधनाचा राग नाही. माझं दुखणं वेगळं आहे. वरून येणाऱ्या रुपयाचा हिशेब वर द्यायचा असतो. ग्रामसेवक रात्र रात्र जागून पोर्टलवर माहिती भरतो, कारण तिथून विचारणा होणार असते. गावातून गोळा झालेल्या रुपयाचा हिशेब मिरचीवाली मावशी मागते. दोन्ही रुपये सारखेच दिसतात, बँकेत एकाच व्याजानं राहतात, तरी पहिल्या रुपयासाठी माणूस तालुक्याकडं बघतो आणि दुसऱ्यासाठी बाजारतळाकडं.

म्हणून घरपट्टीची वसुली हे मला नेहमी लोकशाहीचं काम वाटत आलं आहे, कितीही कटकटीचं असलं तरी. अण्णा मार्चमध्ये घरात दिसायचेच नाहीत. नमुना नंबर आठ आणि नऊची, म्हणजे कर-आकारणीची आणि कर-मागणीची, रजिस्टरं सायकलला बांधून दारोदार फिरायचे. लोक बैठकीत बसवून चहा द्यायचे आणि पट्टी पुढच्या महिन्यावर ढकलायचे. निवडणुकीच्या वर्षात सरपंच स्वतःच सांगायचे, भाऊसाहेब, जरा दमानं घ्या. कायदा मात्र सदस्यांच्या बाबतीत कडक आहे: पंचायतीची थकबाकी मुदतीत न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. अण्णा या एका तरतुदीवर फार विसंबून असत. पहिली पावती सरपंचांच्या घरची, दुसरी उपसरपंचांची, मग गावाची. त्या वसुलीतून पुढं मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला आणि बालकल्याणासाठी १० टक्के बाजूला ठेवावे लागतात. वसुलीच नसेल तर या टक्क्यांना अर्थ राहत नाही. ज्या गावात घरपट्टी बुडते तिथं अंगणवाडीतल्या पोरांची सतरंजीही बुडते, हे कुणी जोडून सांगत नाही.

निवृत्तीनंतर अण्णांना हिवरे बाजारला जायचं होतं. नोकरीत असताना अभ्यासदौऱ्यात त्यांचा नंबर हुकला होता. मी घेऊन गेले. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव, आमच्या माणासारखंच पर्जन्यछायेतलं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तिथून गावाचं वळण बदललं. डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं. अण्णा सगळ्यात जास्त वेळ थांबले ते पाण्याच्या ताळेबंदापाशी. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, त्यातून पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्या पाण्यात कुठली पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस नाही, केळी नाही. कांदा, भाजीपाला, दूध. बाहेर गेलेली घरं परत आली ती या हिशेबावर.

परतीच्या एसटीत अण्णा म्हणाले, "यातली एकही योजना आपल्या तालुक्यात नव्हती असं नाही गं. रोजगार हमी होती, मृदसंधारण होतं, सगळं होतं." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्या वाक्यानं मला माझंच म्हणणं थोडं दुरुस्त करावं लागलं. वरून आलेला रुपयाही गावाचा होऊ शकतो. त्यासाठी तो कुठं घालायचा, कशासाठी नाही म्हणायचं आणि शेजाऱ्याच्या बोअरला हरकत घ्यायची वेळ आली तर ती घ्यायची, हे करणारी सभा लागते.

अशी सभा गडचिरोलीत मेंढा-लेखाची आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवान्यासाठी झगडावं लागलं. एप्रिल २०११ मध्ये ते परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि गाव आपला बांबू आपण विकू लागलं. तिथंही सगळं एका पुस्तकावरच अडलं होतं. पावती कुणी फाडायची, इतकाच तो प्रश्न होता.

आता मी पुण्यात राहते आणि भाजीला महात्मा फुले मंडईत जाते. मंडईची ती देखणी इमारत १८८६ मध्ये 'रे मार्केट' म्हणून उघडली. तिला पुढं ज्यांचं नाव दिलं ते जोतीराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय येणार म्हणून शहर सजवायला नगरपालिकेनं हजार रुपये काढायचं ठरवलं, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लागावा असं त्यांचं म्हणणं. स्थानिक संस्थेच्या सभागृहात बसून हा पैसा कुणाचा आणि कुणासाठी, असं विचारणारं ते एक मत. मंडईच्या पायऱ्या चढताना मला ते आठवतं, आणि मिरचीवाल्या मावशीही.

यंदा जानेवारीत अण्णांना घेऊन मी त्या गावी गेले. अण्णा आता ऐंशीचे आहेत. मंगळवार होता. गाडी थांबली आणि आम्हाला बाजारतळ ओळखू येईना. कडुलिंब आहे. पण ओटे नाहीत. त्यांच्या जागी दोन मजली व्यापारी संकुल उभं आहे, खाली-वर मिळून अठरा गाळे. चार उघडे होते. बाकीच्यांची शटरं खाली आणि कुलपांवर धूळ. गाळ्याची अनामत आणि भाडं एवढं, की अंडी विकणारी बाई त्या पायरीवरही बसू शकत नाही. बांधलं कुठल्या निधीतून, ठराव कधीचा, हे अण्णा दोघा-तिघांना विचारत राहिले. बाजार हायवेच्या कडेला सरकला आहे. पाट्यांपासून हातभर अंतरावरून ट्रक जातात. मुतारी नाही. एक तरुण पोरगा प्रत्येकाकडून तीस रुपये घेत फिरत होता. बाजारवसुलीचा ठेका दिलेला होता आणि पोरगा ठेकेदाराचा. पावती तो कुणालाच देत नव्हता.

मिरचीच्या पाट्या दिसल्या. मावशी गेल्या, त्यांची सून बसते. अण्णांनी स्वतःची ओळख सांगितली, तेव्हा तिनं पाटीमागून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत पावत्या होत्या. रबर लावून वर्षावर्षाचे गठ्ठे. सगळ्यात खालच्या गठ्ठ्यावर अण्णांची सही, कार्बनची निळी, फिकट झालेली पण वाचता येणारी.

"सासूबाई म्हनायच्या, कागद टाकू नगं. कागद म्हंजे आपली जागा."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मी दुसरीकडं पाहिलं.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आठवड्यावर होती. आम्ही थांबलो. सरपंच तिशीतली एक मुलगी आहे. २०११ पासून आपल्याकडं पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत, त्या वाटेनं आलेली. आदल्या दिवशी तिनं महिलांची सभा घेतली, तिथं हायवेकडेचा बाजार हा विषय निघाला आणि तो तिनं ग्रामसभेपुढं आणला. मारुतीच्या देवळासमोर मांडव, झेंडावंदन झालेलं, पोरांना जिलेबी वाटून झालेली. मिरचीवाली सून डबा मांडीवर घेऊन मांडवाच्या कडेला बसली होती. ती शेजारच्या वाडीची. मतदार यादीत तिचं नाव नाही.

आणि ती हरकत आलीच, जवळजवळ त्याच शब्दांत. माझ्या शेजारी अण्णांनी डोळे मिटून घेतले. मग गिरणीवाल्या तात्यांचा नातू उठला. गिरणी आता विजेची आहे, जोडीला मसाला कांडप मशीन. तो म्हणाला, "कांडपाला येणारी निम्मी मिरची हायवेवरनं येते. गेल्या साली ट्रकच्या भीतीनं किती बाया यायच्या बंद झाल्या ते मी सांगतो." आणि त्यानं सांगितलं, नावं घेऊन, वाडीनिशी.

तासभर खडाजंगी झाली. शेवटी ठरलं ते असं: वसुलीचा ठेका मार्चअखेर संपतो, तो पुन्हा द्यायचा नाही. एप्रिलपासून पंचायत स्वतः पावती फाडणार. संकुलाच्या मागं जी पट्टी उरली आहे तिथं बाजारकरातून आणि अबंधित निधीतून ओटे बांधायचे, पाणी आणि मुतारीसह. सूचक तात्यांचा नातू. अनुमोदक अंगणवाडी ताई. पट्टी अरुंद आहे, बावीस ओटे तिथं बसणार नाहीत. संकुलाच्या कुलपांचं काय करायचं हा विषय पुढच्या सभेवर गेला.

जुन्या बाजारतळाचा पुरावा म्हणून ग्रामसेवकानं सुनेच्या डब्यातली एक पावती मागितली, ठरावासोबत जोडायला. तिनं सगळ्यात जुनी, अण्णांच्या सहीची काढून दिली. त्यानं ती फाइलला लावली आणि फाइल मिटली. सून जागची हलली नाही.

"काय हवंय ताई?"

"पावती घेतलीसा न्हवं," ती म्हणाली, "मग तिची पोच द्या."

त्यानं एकदा अण्णांकडं पाहिलं आणि कोरा कागद पुढं ओढला.